सीनेच्या पुरातून आलेली जिप्सी : प्रकल्प नोंदी

गाडी : मारुती जिप्सी किंग, १३०० सीसी पेट्रोल, पार्ट-टाइम फोर बाय फोर (एरवी मागची दोनच चाकं ओढतात, दांडी टाकली की चारही). पुढच्या हबना (चाकाचा मधला भाग) हाताने फिरवायचे लॉक : लॉक केला की चाक आतल्या दांड्याशी जोडलं जातं, फ्री केला की सुटतं.
काम : पुढचा अ‍ॅक्सल, हब, ट्रान्सफर केसची (ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणारा गिअरचा डबा) तपासणी.
गॅरेज : अक्कलकोट रोड, सोलापूर.

८ ऑक्टोबर २०२५, बुधवार

गाडी दुपारी आली. मालक मोहोळ तालुक्यातले, सगळे त्यांना तात्या म्हणतात. ऊस आणि थोडी डाळिंबं, शेत सीना नदीच्या काठाला. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला पूर आला तेव्हा हीच गाडी चारा आणि माणसं ने-आण करत होती. पाणी हबच्या वर, म्हणजे दोन्ही अ‍ॅक्सल पूर्ण बुडालेले. त्यात एक रात्र गोठ्यापाशी तशीच उभी राहिली.

तक्रार मी मालकाच्याच शब्दांत लिहून घेतो, अर्थ नंतर लावतो. तात्यांची अशी :

"फोरमध्ये टाकलं की पुढनं घुमल्यागत आवाज येऊलालंय ओ. आणि चिखलात पुढची चाकं ओढतच नाहीत."

"पुराच्या आधी कसं होतं?"

"आधी ओढायची की. पण डांबरीवर फोरमध्ये वळवलं की गाडी अडायची, दांडी निघायची नाही. जरा मागं घेतलं की निघायची. ते मात्र आता बंद झालंय बघा, तेवढं बरं केलं पुरानं."

तिसरी तक्रार : फोर-एलमध्ये (चारही चाकं, जास्त जोराचा हळू गिअर) चढावर दांडी आपोआप न्यूट्रलला येते. आधीच्या एका मिस्त्रीने ट्रान्सफर केस गेली असं सांगितलंय. जुनी केस कुठे मिळेल याची चौकशीही झाली होती.

फोर बाय फोरचं काहीही बिघडलं की आळ ट्रान्सफर केसवर, कारण ड्रायव्हरच्या हातातली दांडी तिलाच जोडलेली. मी जमिनीपासून वर येतो : टायर, हब, तेल, शाफ्ट, माउंट (केस टेकते ती रबरं). केस सगळ्यात शेवटी. जिप्सीची केस तर गिअरबॉक्सपासून वेगळी, मध्ये छोटा शाफ्ट. आत दात्यांचे गिअर, चेन नाही. तेल असेल तर ती सहसा त्रास देत नाही.

'तेवढं बरं केलं पुरानं' हे वाक्य मात्र खटकलं. दांडी अडकण्याचं कारण गाडीत तसंच असेल तर ते पाण्याने कसं जाईल? वहीत खूण करून ठेवली.

जाता जाता दिसलेलं : मागे २१५/७५ आर १५ टायर, पुढे २०५/७० आर १५. मागचे जवळजवळ नवे, पुढचे बरेच झिजलेले. यावर नंतर येतो.

९ ऑक्टोबर

आज फक्त तेलं. गाडी रात्रभर जागची हलवली नव्हती. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे गाडी उभी राहिली की ते तळाला बसतं. ड्रेन प्लग एकदम काढायचा नाही, हळूहळू सैल करून आधी काय गळतं ते बघायचं. आणि त्याच्याही आधी वरचा फिलर प्लग सुटतोय ना ते बघायचं. खालून सगळं तेल सोडलं आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, की गाडी जॅकवर अडकून पडते.

पुढचा डिफरन्शियल (दोन्ही बाजूंच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरची पेटी) : आधी स्वच्छ पाणी, मग दुधाळ तेल. प्लगच्या चुंबकावर करडा लेप, त्यात बोटाला टोचतील असे दोन-चार बारीक कण.
मागचा : तेल किंचित दुधाळ, चुंबकावर नेहमीचा लेप, कण नाहीत.
ट्रान्सफर केस : तेल काळं पण पाणी नाही. लेव्हल कमी. चुंबक स्वच्छ म्हणावा असा.
गिअरबॉक्स : ठीक.

पाणी आत कसं गेलं हे शोधायला ब्रीदर (आतल्या हवेची ये-जा होण्याची छोटी वाट) काढले. पुढच्याच्या तोंडाला काळी माती वाळून दगड झालेली, तारेने टोकरून काढावी लागली. अ‍ॅक्सल चालून गरम होतो, आतली हवा फुगते. तसाच तो थंड पाण्यात उतरला की हवा आक्रसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर उघडा असेल तर हवा येते, बुजलेला असेल तर सीलच्या ओठातून पाणी. सील चांगलं असलं तरी ते तेल आत धरायला बनवलेलं, बाहेरचं पाणी अडवायला नाही. आणि ब्रीदरच पाण्याखाली गेला तर तो उघडा असूनही पाणीच ओढणार. म्हणून दोन्ही ब्रीदरना नळी लावून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधायची. हे काम यादीत घातलं.

दोन्ही डिफरन्शियलमध्ये धुण्यापुरतं साधं तेल भरलं. दुधाळ तेलावर गाडी पळवून आवाज ऐकणं म्हणजे बेअरिंग आणखी खाणं.

हेल्पर कोजागरीला तुळजापूरला चालत जाऊन आलाय, पायाला फोड. त्याला बसून ब्रीदर आणि प्लग धुवायला दिले.

१० ऑक्टोबर

आवाजाची चाचणी, एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यावर. सकाळी लवकर गेलो, ट्रक सुरू झाले की काही ऐकू येत नाही.

हाताने लॉक करायचे हब असलेल्या गाडीत मोठी सोय अशी, की कुठला भाग फिरतोय आणि कुठला नाही हे आपण ठरवू शकतो. तीन प्रकारे चालवली :

पहिला, टू-एच (मागचीच दोन चाकं ओढतात), दोन्ही हब फ्री. पुढचा शाफ्ट, डिफरन्शियल, आतले अ‍ॅक्सल सगळं उभं. आवाज नाही. म्हणजे पुढचे व्हील बेअरिंग, मागचा अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आवाजातून सुटले.

दुसरा, फोर-एच (चारही चाकं, नेहमीच्या वेगाला), पण हब फ्रीच. आता केस पुढचा शाफ्ट फिरवते, डिफरन्शियल फिरतो, चाकांशी मात्र संबंध नाही, त्यामुळे डांबरीवर चालवायला हरकत नाही. चाळिसाच्या आसपास घुमणं सुरू. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सूर बदलतो. पिनियनच्या, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरच्या, बेअरिंगचा संशय.

तिसरा, टू-एच, दोन्ही हब लॉक. इथे चाकंच उलट बाजूने डिफरन्शियल आणि शाफ्ट फिरवतात, तेव्हा दुसऱ्या प्रकारातलाच आवाज यायला हवा. आला नाही! बारीकशी सळसळ फक्त.

थांबून खाली वाकून बघितलं, हेल्परला गाडी हळू पुढे घ्यायला लावली. पुढचा शाफ्ट जागचा हलत नव्हता.

दोन्ही हब खरोखर लॉक असतील तर शाफ्टला फिरण्यावाचून पर्याय नाही. तो फिरत नाही म्हणजे एक हब वरून लॉक दिसतो, आतून धरत नाही. एका बाजूचं चाक आपला अ‍ॅक्सल फिरवतं, डिफरन्शियलच्या आतले छोटे गिअर दुसऱ्या बाजूचा मोकळा अ‍ॅक्सल उलटा फिरवतात आणि क्राऊन (पिनियनला जुळणारा मोठा गिअर) आहे तिथेच राहतो.

परवाच्या वाक्याचं उत्तर इथेच मिळालं. एक हब सुटला की फोर-एचमध्ये पुढे येणारी सगळी ताकद मोकळ्या अ‍ॅक्सलवर वाया जाते. म्हणून चिखलात ओढ नाही. आणि म्हणूनच डांबरीवर अडणंही बंद. पुराने काही बरं केलेलं नाही, नव्या दुखण्याने जुनं झाकलं. हब दुरुस्त केला की ते जुनं परत येणार, हे तात्यांना फोनवर आत्ताच सांगून ठेवलं. नंतर सांगितलं तर ते गॅरेजने केलेलं दुखणं ठरतं.

११ ऑक्टोबर

पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर. उजवा हब लॉक, चाक फिरवलं, आतला अ‍ॅक्सल फिरतो. डावा लॉक, चाक फिरतं, अ‍ॅक्सल उभा. डावाच.

खोलला. आतली सरकती रिंग जाड ग्रीस आणि गाळात रुतलेली. कोणीतरी प्रेमाने हब पूर्ण ग्रीसने भरला होता. व्हील बेअरिंगला ग्रीस भरून लागतं, हबच्या लॉकला मात्र पुसट हात पुरतो. रिंग स्प्रिंगच्या जोरावर सरकते, घट्ट ग्रीसमध्ये तो जोर पुरत नाही, त्यात गाळ मिसळला की विषय संपला. रिंगचे दाते शाबूत. डिझेलमध्ये धुऊन, वाळवून, हलका हात देऊन बसवलं, नवी गॅस्केट.

व्हील बेअरिंग धुऊन बघितले. आवाज नव्हता तरी ग्रीसमध्ये पाणी होतं. दोन्ही बाजूंचं ग्रीस नवं, सील नवी.

१३ ऑक्टोबर

जिप्सीचा पुढचा डिफरन्शियल बाहेर काढायचा तर दोन्ही अ‍ॅक्सल आधी ओढावे लागतात, म्हणजे दोन्ही नकल (पुढचं चाक वळतं तो सांधा) उघडायचे. दिवस यातच गेला, पण त्यामुळे आणखी काही दिसलं.

नकलच्या गोळ्याभोवती आधीपासून ओलसर काळपट थर होता. लोक तो पुसतात आणि बाहेरचं सील बदलतात. खरं सील आत असतं, अ‍ॅक्सल नळीच्या तोंडाला. ते कडक झालं की डिफरन्शियलचं तेल नकलमध्ये उतरतं, तिथल्या जॉइंटचं (वळलेल्या चाकालाही फिरवणारा जोड) ग्रीस पातळ होतं आणि बाहेर झिरपतं. इथे दोन्ही आतली सील प्लास्टिकसारखी कडक झालेली. नकलमधलं ग्रीस वाटीने काढता येईल इतकं पातळ. डाव्या जॉइंटच्या गोळ्यांच्या वाटेत गंजाचे खड्डे, उजवा ठीक. डावा बदलायचा.

किंगपिनचे (नकल ज्यावर वळतं ती खीळ) बेअरिंगही हातात होते म्हणून बघितले. खालच्या डाव्यात रोलरचे ठसे. चाक उचलून वर-खाली हलवलं तेव्हा थोडा प्ले होताच. साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं का असं तात्यांना विचारलं तर म्हणाले, "ते तर घेतल्यापासून आहे, जिप्सीला असतंच म्हणे." असतंच असं काही नाही. चारही बदलू.

डिफरन्शियल टेबलावर. क्राऊन-पिनियनचे दाते चांगले, वरवरचे गंजाचे डाग ब्रशने निघाले. पिनियनचा पुढचा बेअरिंग मात्र गेलेला : कपात (बेअरिंगचं बाहेरचं कडं) रोलरच्या अंतराने एकेक गंजाची रेघ, पण फक्त खालच्या भागात. हेल्परने विचारलं, झिजला असता तर सगळीकडे झिजला असता, एवढ्याच ठिकाणी का? बरोबर विचारलं. हा चालून झिजलेला नाही. पूर ओसरल्यावर गाडी बरेच दिवस तशीच उभी होती, खाली पाणी साचलं, ज्या रोलरना पाणी लागलं तिथे गंज. नंतर फोरमध्ये चालवल्यावर त्या रेघांवरून रोलर जायला लागले आणि घुमणं सुरू झालं. पुरातून बाहेर काढल्याबरोबर तेल सोडलं असतं तर बेअरिंग वाचला असता. या वर्षी आपल्याकडे अशा कितीतरी गाड्या, ट्रॅक्टर असतील.

१५ ऑक्टोबर

पार्ट पुण्याहून नाना पेठेतून आले, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. डावा जॉइंट, सील, किंगपिनचे आणि पिनियनचे बेअरिंग, चुरगळणारा स्पेसर. बेअरिंग प्रेसवर बसवायला लेथवाल्या अण्णांकडे. अण्णांना 'हळू' सांगावं लागत नाही हे महत्त्वाचं.

पिनियनखालची शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) जुनीच ठेवली, कारण क्राऊन-पिनियन तेच आहेत. स्पेसर जुना वापरायचा नाही. नट आवळत जाताना तो चुरगळतो आणि बेअरिंगवरचा ताण ठरतो. म्हणून नट थोडा आवळायचा, फ्लॅंजला (शाफ्ट जोडायची तबकडी) दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या वजनकाट्याने ओढून बघायचं, परत थोडा. ताण जास्त झाला तर नट सैल करून भागत नाही, नवा स्पेसर घालून पुन्हा पहिल्यापासून. इम्पॅक्ट गन इथे भिंतीला टांगून ठेवायची. नकलच्या बेअरिंगचा ताणही काट्यानेच, मात्र सील न बसवता, नाहीतर सीलचंच घर्षण मोजलं जातं. शिम काढली की ताण वाढतो, घातली की कमी.

१७ ऑक्टोबर

क्राऊनचा बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने चार ठिकाणी मोजला, मॅन्युअलच्या मर्यादेत. मग दात्यांवरचा ठसा. शेंदूर तेलात कालवून क्राऊनच्या तीन-चार दात्यांना लावला, फ्लॅंज फिरवताना हेल्परने क्राऊनला लाकडाने हलका अडथळा दिला. ठसा दात्याच्या उंचीच्या मध्यावर आला. टोकाच्या कडेला वर आला असता तर पिनियन क्राऊनपासून लांब, मुळाशी आला असता तर फार आत. जुनी शिम चालली.

सगळं बंद केलं. डिफरन्शियलमध्ये जीएल-५ प्रतीचं गिअर तेल. ट्रान्सफर केसला मॅन्युअलप्रमाणे, लेव्हल भरून. प्रॉपेलर शाफ्ट काढताना फ्लॅंजवर पंचने खूण केली होती, ती जुळवूनच बसवला. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे चिमटे) एका रेषेत हवेत, एक दाता जरी सरकला तरी थरथर येते आणि माणूस क्रॉस (शाफ्टच्या सांध्यातला अधिक चिन्हासारखा तुकडा) बदलत बसतो. क्रॉसना आणि सरकत्या जोडाला ग्रीस दिलं.

ब्रीदरच्या नळ्या वर नेल्या.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

अर्धा दिवस. एक नवीन पद्धतीची एसयूव्ही आली, बटणाने फोर बाय फोर. दिवा लुकलुकतो आणि लागत नाही. तिच्या मालकालाही कोणीतरी ट्रान्सफर केस गेली असं सांगितलेलं. मोटरचा कनेक्टर उघडला तर आत हिरवी पिन आणि पाणी. साफ करून, वाळवून, स्कॅनरने कोड पुसले, लागलं. बटणाच्या गाडीत जमिनीपासून वर येण्यात वायर आणि फ्यूज वाढतात, बाकी क्रम तोच.

जिप्सीच्या केसची माउंट बघितली. फोर-एलमधून दांडी निघण्याचं कारण इथे आहे. तिन्ही रबरांपैकी एक पूर्ण फाटलेलं, दुसऱ्याला चीर. टॉमीने उचललं तर केस सहज वर येते. चढावर जोर आला की केस स्वतःच फिरायला बघते, दांडी मात्र बॉडीच्या भोकातून वर आलेली, ती भोकाच्या कडेला टेकते आणि ढकलली जाते. गिअर सुटतो तो असा. तिन्ही माउंट नवी. दांडीच्या खाचेचा गोळा आणि स्प्रिंगही काढून बघितली, स्प्रिंग ठीक. केस उघडलीच नाही.

२४ ऑक्टोबर

भाऊबीजेनंतर आज गॅरेज उघडलं. चाचणी.

फोर-एच, हब फ्री : शांत. टू-एच, हब लॉक : शाफ्ट फिरतो, शांत. मुरमाच्या रिकाम्या प्लॉटवर फोर-एल, दांडी जागची हलत नाही.

मग मुद्दाम हब लॉक, फोर-एच, डांबरीवर सरळच थोडं अंतर. थांबून दांडी काढायला गेलो, निघेना. मागे घेतली, निघाली. जुनं दुखणं हजर. सरळ चालवूनही अडली, फक्त वळणावर नाही, म्हणजे टायरकडे बोट.

प्रत्येक चाकाच्या तळाशी खडूने खूण करून, गाडी ढकलून एक फेरा पूर्ण केला आणि जमिनीवरचं अंतर मोजलं. टायरवरच्या आकड्यांवरून काढण्यापेक्षा हे खरं, कारण गाडीचं वजन टायरवर असतं. पुढे २ मीटर २ सेंटीमीटर. मागे २ मीटर १४. एका फेऱ्यात १२ सेंटीमीटर. किलोमीटरला पुढच्या चाकाचे सुमारे ४९५ फेरे, मागच्याचे ४६७. फोर-एचमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले, मध्ये डिफरन्शियल नाही, दोन्ही अ‍ॅक्सलचा रेशो सारखा. म्हणजे प्रत्येक किलोमीटरला हे २८ फेरे टायरनेच घासून भरून काढायचे. मुरमावर टायर घसरतो, चालून जातं. डांबरीवर घसरत नाही, तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि केसच्या दात्यांत साठत जातो. दांडी त्याच ताणाने धरून ठेवलेली असते. मागे घेतलं की तो उलगडतो.

टायर सारखे असले तरी वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, त्यामुळे पार्ट-टाइम गाडी डांबरीवर फोरमध्ये चालवायची नाही हे आहेच. पण सरळ रस्त्यावर अडणं हे टायरचंच.

२५ ऑक्टोबर

तात्या आले. टायरचं ऐकून चेहरा पडला. ऊस अर्धा आडवा, डाळिंब गेलेलं, त्यात चार टायर.

"मागचे नवेच आहेत की ओ. तेच ठेवून चालणार नाही का?"

"हब फ्री ठेवून टूमध्ये चालवलात तर काय वाट्टेल ते चालवा. फोर लागणार असेल तर चारी सारखे."

"फोर लागतंच, मिस्त्री. चिखल अजून वाळला कुठंय?"

मार्ग निघाला. मागचे दोन मोठे जुन्या टायरवाल्याला देऊन त्याच्याकडून २०५/७० चे दोन वापरलेले घेतले, पुढच्यांच्या झिजेला जुळतील असे. तो नवे दाखवत होता, मी झिजलेले मागत होतो, त्याला वाटलं डोकं फिरलं. जुळणी खडूनेच केली. आता फरक एका सेंटीमीटरच्या आत. स्टेपनीही त्याच मापाची ठेवायला सांगितली, पुढेमागे पंक्चरला वेगळ्या मापाची लागली तर हब फ्री.

डांबरीवर परत तेवढंच अंतर सरळ, फोर-एच. थांबलो, दांडी दोन बोटांनी निघाली.

स्टिअरिंगची थरथरही गेलेली. तात्यांना चालवायला दिली, पुलापर्यंत जाऊन आले आणि एवढंच म्हणाले, "हे पण असं असतंय होय?"

२ नोव्हेंबर

धुण्याचं तेल निघून गेलं तरी नळीत, कोपऱ्यात पाणी राहतं, म्हणून आठवडाभर चालवून परत आणायला सांगितलं होतं. आणली. मधल्या काळात ओढ्यातून दोनदा गेली म्हणे. दोन्ही डिफरन्शियलचे प्लग सैल करून थोडं तेल वाटीत घेतलं : स्वच्छ, पाणी नाही, चुंबकावर बारीक लेप. पुढचं तेल तरी बदललं, मागचं ठेवलं. नकल बाहेरून कोरडे.

मागच्या पिनियनचं सील ओलसर दिसतंय, थेंब पडत नाही. पुढच्या तेलाच्या वेळी करू. हब महिन्यातून एकदा लॉक करून कच्च्या रस्त्यावर थोडं चालवायला सांगितलंय. तात्यांनी शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि बिलातली बाकी ऊस गेल्यावर देतो म्हणाले. वहीत लिहिली.